काकूंच्या शून्य चुका

धाकटीला धाकटी म्हणायचे ते वयावरून नव्हे. चाळिशी उलटली होती आणि केस रंगवायचंसुद्धा तिनं सोडून दिलं होतं. पण हॉस्पिटलच्या तळघरातल्या रेकॉर्ड-खोलीत ती कामाला लागली तेव्हा सगळ्यांत लहान होती, आणि तिच्यानंतर तिथे कुणाला घेतलंच नाही. एकेक जण निवृत्त होत गेली. शेवटी दोघीच उरल्या, धाकटी आणि काकू.

काम असं होतं की वर्णन करतानाच जांभई यावी. वॉर्डांतून जुन्या केसपेपरांचे गठ्ठे खाली यायचे, फितीनं बांधलेले. फीत सोडायची, कागद स्कॅनरमध्ये सरकवायचा, पडद्यावर चित्र उमटलं की कागदाच्या कोपऱ्यातला पेशंटचा नंबर वाचून तोच त्या फाइलीला नाव म्हणून द्यायचा. गठ्ठा संपला की फीत बांधून कपाटात. प्रत्येक गठ्ठ्याबरोबर त्या नंबरांची यादीही कॉम्प्युटरवर यायची, आणि संध्याकाळी एक तपासणी चालायची. फायलींची नावं यादीशी ताडून पाहिली जायची आणि कुणाच्या किती चुका झाल्या ते वरच्या मजल्यावर साहेबांना कळायचं. आता नंबर यादीत होतेच, तर ते माणसानं पुन्हा टाइप कशाला करायचे, असं तुम्ही विचाराल. त्या इमारतीत हे कुणी विचारलं नाही. विचारायला तळघरात उतरावं लागलं असतं, आणि लिफ्ट तळघरापर्यंत येत नव्हती.

खोलीचा एक रिवाज होता. एकीचं काम मागे पडलं की दुसरीनं ते उरकून टाकायचं आणि त्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही. धाकटीचा नवरा घर सोडून गेला त्या वर्षी तिची मुलगी सारखी आजारी पडायची. धाकटी उशिरा यायची, लवकर पळायची, आणि मधल्या वेळात टेबलावर डोकं टेकून बसायची. दुसऱ्या दिवशी बघावं तर तिच्या वाटचे गठ्ठे स्कॅन होऊन कपाटात लागलेले. ते कुणी केले हे विचारायची गरज नव्हती. बाकी सगळ्या बुटाच्या नाडीसारखी गाठ मारत. काकू दोनदा पीळ देऊन मारायच्या आणि फितीची टोकं आत खोचायच्या. धाकटी त्या गाठीवर बोट फिरवायची आणि पुढच्या गठ्ठ्याला लागायची. आभार मानले असते तर काकूंनी नाक मुरडलं असतं.

त्याच काकूंच्या आता चुका व्हायला लागल्या.

सुरुवात जेवणाच्या सुट्टीत झाली. काकूंना वर्तमानपत्रातलं शब्दकोडं लागायचं. त्या दिवशी त्यांनी पेपर धाकटीकडे सरकवला. "वाच गं जरा. चष्मा घरी राहिला." धाकटीनं वाचलं. दुसऱ्या दिवशीही चष्मा घरी राहिला. पुढच्या आठवड्यात तो कपाळावर होता आणि तरीही घरीच राहिला होता. धाकटीनं कपाळावरच्या चष्म्याकडे बघितलं आणि आडवा शब्द वाचून दाखवला.

मग नंबरांतले आकडे गळायला लागले. काकूंना मधले आकडे नीट दिसायचे, टोकाचा एखादा दिसायचाच नाही. तो पुसट दिसायचा असं नाही, तिथे काही आहे हेच त्यांना कळायचं नाही. साहेबांनी वर बोलावून घेतलं. साहेब ओरडणाऱ्यांतले नव्हते, ते हसून बोलायचे, आणि ते जास्त वाईट. "काकू, खूप केलंत. आता आराम करायचा विचार आहे का?"

काकू खाली आल्या त्या तणतणतच. "आराम म्हणे! घरी बसले ना, तर सुनेच्या घरात मी माणूस नाही, फर्निचर होईन. पाहुणे आले की आत सरकवायचं, गेले की बाहेर काढायचं."

तरी त्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेल्या. काचबिंदू निघाला. डॉक्टरनं थेंब दिले, ऑपरेशनची तारीख दिली आणि एक गोष्ट बजावून सांगितली. ती काकूंनी धाकटीला जशीच्या तशी ऐकवली. "गेली ती नजर परत येत नाही म्हणाला. आहे ती तेवढी राखायची. थेंब चुकवायचे नाहीत." हे सांगताना त्या डबा पुसत होत्या, आणि पुसून झालेला डबा पुन्हा पुसत होत्या.

ऑपरेशनला अजून अवकाश होता आणि साहेबांना धीर नव्हता. धाकटीनं मनाशी ठरवलं की तोवर काकूंची खुर्ची हलू द्यायची नाही. पण काकूंचं काम हातानं तपासून दुरुस्त करायचं तर तिच्या स्वतःच्या गठ्ठ्यांचं काय? म्हणून ती सर्व्हरवाल्याकडे गेली.

सर्व्हरवाला म्हणजे तळघराच्या दुसऱ्या टोकाला थंडगार खोलीत स्वेटर घालून बसणारा माणूस. वर्षभर स्वेटर, वर्षभर सर्दी. माणसांशी बोलायचा त्याला कंटाळा, पण मशीनबद्दल विचारलं की खुलायचा.

"एकदम पुष्कळ फायलींची नावं बदलता येतात का हो?" धाकटीनं विचारलं.

"येतात. माउस ठेवा बाजूला," तो म्हणाला आणि त्यानं काळी खिडकी उघडली.

त्या खिडकीत चित्र नव्हतं, बटण नव्हतं. नुसती एक रेघ लुकलुकत होती. धाकटीला वाटलं, ही आपल्यालाच काहीतरी विचारतेय. सर्व्हरवाल्यानं तिला आधी आपण कुठल्या फोल्डरमध्ये उभे आहोत ते विचारायला शिकवलं, मग तिथे काय काय पडलंय ते बघायला, मग एका फाइलीचं नाव बदलायला. रोज जेवणाच्या सुट्टीत थोडं थोडं. काकूंना तिनं सांगितलं, "वर काम आहे." काकू शब्दकोड्यापुढे एकट्या बसायला लागल्या.

ती शिकली, पण रडतखडत. सगळ्या फायलींवरून एकेक करत फिरायचं चक्र तिनं लिहिलं आणि आपल्याच जुन्या फोल्डरवर चालवलं. ज्या नावांत मोकळी जागा होती त्यांचे यंत्रानं तुकडे केले, आणि अर्धं नाव, पाव नाव अशा फायली शोधत सुटलं. पडदाभर तक्रारी. सर्व्हरवाला शिंकत शिंकत हसला. "ताई, नावाभोवती अवतरणचिन्हं घाला. त्याला वाटतं मोकळी जागा आली की नाव संपलं. आणि करायच्या आधी नुसतं बोलून दाखवायला लावा. काय करणार आहेस ते सांग, म्हणावं. ते पटलं की मग करू द्या."

हे तिला फार आवडलं. घरी मुलीलाही हेच सांगायला हवं असं तिला वाटलं.

महिन्याभरात स्क्रिप्ट उभी राहिली. म्हणजे एका फाइलीत ओळीखाली ओळ लिहिलेल्या आज्ञा. काकूंच्या फोल्डरमधल्या फायली स्कॅनच्या क्रमानं घ्यायच्या, यादीतले नंबर त्याच क्रमानं घ्यायचे, दोन्हींची संख्या जुळत असेल तर एकेक जोडी तपासायची आणि नाव चुकलं असेल तर बदलायचं. संध्याकाळी, साहेबांची तपासणी चालू व्हायच्या जरा आधी, ती आपोआप चालेल अशी सोयही केली.

एकच अडचण उरली. काही बिनसलं की यंत्र तक्रार लिहायचं, आणि आपोआप चाललेल्या कामाची तक्रार सरळ साहेबांच्या मेलमध्ये जायची. साहेबांना ताकास तूर लागू द्यायची नव्हती. "तक्रारी बंद नाही का करता येत?" तिनं विचारलं.

"येतात. एक खड्डा असतो, त्याला तळ नाही. त्यात टाकलं ते गेलं." सर्व्हरवाल्यानं नाक पुसलं. "पण टाकू नका. वेगळ्या फाइलीत उतरवा. यंत्र ओरडतं म्हणून कळतं काय बिघडलंय ते. तोंड दाबलंत तर एक दिवस सगळं बिघडलेलं असेल आणि तुम्ही मजेत असाल."

धाकटीनं मान डोलावली आणि टेबलावर परत येऊन सगळ्या तक्रारी खड्ड्यात टाकल्या.

पहिल्याच आठवड्यात काकूंच्या चुका शून्यावर आल्या. दुसऱ्या आठवड्यातही शून्य. साहेबांनी पुन्हा वर बोलावलं आणि या वेळी खरं हसले. काकू जिना उतरल्या त्या तरण्याताठ्या बाईसारख्या. "बघितलंस? म्हातारी झाली म्हणत होते! थेंबांनी काम केलं बघ."

धाकटीचा जीव भांड्यात पडला. खोटं कशाला बोलू, तिला आनंद झाला होता. आयुष्यात पहिल्यांदा तिनं स्वतःच्या डोक्यानं काहीतरी बनवलं होतं, ते चालत होतं, आणि ज्या बाईनं तिला सांभाळलं तिच्यासाठी चालत होतं. काकूंना सांगायचं तिच्या मनातही आलं नाही. रिवाजच तसा होता.

थेंब डोळ्यांत झोंबायचे. डोळे लाल व्हायचे, सून म्हणायची रडलात की काय. काकूंनी आधी सकाळचा थेंब सोडला, मग रात्रीचा. कामात फरक पडला नाही. कसा पडेल? मग एक दिवस डबा उघडता उघडता त्या म्हणाल्या, "ते ऑपरेशन रद्द करून टाकलं मी."

धाकटीचा घास हातात राहिला. "का?"

"का म्हणजे? डोळ्यांना काही झालं असतं तर चुका झाल्या असत्या ना? एवढे बारीक नंबर दिवसभर वाचते, एक चूक नाही. आणि हा म्हणतो चाकू लावतो. डॉक्टरांचं काय जातंय!"

"काकू, डॉक्टरांनी सांगितलंय तर करून घ्या ना."

"अगं, साहेबांच्या कागदावर शून्य आहे शून्य. तुझ्या दोन होत्या गेल्या आठवड्यात." आणि त्या हसल्या. चिडवायला हसल्या, प्रेमानं.

आता इथे धाकटीनं बोलायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. काकू, शून्य तुमचे नाहीत, माझ्या स्क्रिप्टचे आहेत. पण ते वाक्य म्हणायचं म्हणजे, तुम्हाला दिसत नाही, आणि हे मला कधीपासून माहीत आहे, असं तोंडावर सांगायचं. धाकटी मूग गिळून बसली. आपण चांगलं काम करतोय अशी एकदा खात्री झाली की माणसाला तोंड उघडणं फार जड जातं, आणि धाकटीला तर पक्की खात्री होती.

त्या दुपारी तिनं काळी खिडकी उघडली आणि स्क्रिप्ट रोज चालवणाऱ्या ओळीच्या सुरुवातीला हॅशची खूण टाकली. ती खूण टाकली की यंत्र ती ओळ वाचत नाही. आज चुका दिसतील, काकू घाबरतील, डॉक्टरकडे जातील. सरळ हिशेब होता. मग ती चहा आणायला गेली. परत आली तर साहेब स्वतः तळघरात उतरले होते, पायांनी, आणि काकूंच्या खुर्चीमागे उभे राहून कुणा पाहुण्याला सांगत होते, "ह्या आमच्या सगळ्यांत अचूक." काकू पाठ ताठ करून टाइप करत होत्या. धाकटीनं पडद्यावर बघितलं. शेवटचा आकडा गळला होता, तिच्या डोळ्यांदेखत. पाहुण्याला कळलं नाही, साहेबांना तर नाहीच.

संध्याकाळ व्हायच्या आत तिनं हॅश काढून टाकला. उद्या सांगू, असं तिनं ठरवलं. मग परवा. मग मुलीची परीक्षा आली, साहेबांची बैठक आली, काकूंचा वाढदिवस आला. सांगायला मुहूर्तच लागत नव्हता, आणि स्क्रिप्ट मात्र एक दिवस चुकत नव्हती.

वर्ष सरत आलं तेव्हा काकू जिन्यावरून पडल्या. रोजचाच जिना. शेवटची पायरी त्यांच्या लेखी नव्हतीच. हाताला मार बसला, तो बरा होण्यातला होता. पण दवाखान्यात कुणीतरी डोळ्यांत दिवा मारून बघितलं आणि त्यांना पुन्हा त्याच डॉक्टरकडे पाठवलं. मुलाला सुट्टी नव्हती, म्हणून बरोबर धाकटी गेली.

डॉक्टरनं बराच वेळ तपासलं. डावा डोळा संपला होता. उजव्यानं नळीतून बघावं तेवढं दिसत होतं, आणि तेही किती दिवस ते सांगता येत नव्हतं. डॉक्टर चिडला होता. "वेळेवर आला असतात तर एवढं राखता आलं असतं. तुम्ही तर वाचायचं काम करता. कामात कळलं नाही? चुका झाल्या नाहीत?"

"एकही नाही," काकू म्हणाल्या. त्यांना स्वतःलाच नवल वाटत होतं. "विचारा हिला. वर्षभरात एकही नाही."

डॉक्टरनं धाकटीकडे बघितलं. धाकटीनं भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे बघितलं. तिला अगदी शेवटची ओळसुद्धा स्वच्छ वाचता येत होती.

काकूंची नोकरी गेली. निरोपाला साहेब चार शब्द बोलले, त्यांत 'अचूक' हा शब्द दोनदा होता.

धाकटीला आता शिक्षा हवी होती. ती स्वतःहून वर गेली आणि साहेबांना सगळं सांगितलं. यादी, क्रम, नावं बदलणं, तक्रारी खड्ड्यात टाकणं. साहेब खुर्चीत पुढे सरकले. त्यांच्या चेहऱ्यावर राग शोधून सापडेना.

"म्हणजे टाइप करायची गरजच नाही?"

"नाही."

"सगळ्या गठ्ठ्यांना चालेल?"

"चालेल. पण साहेब, मी काकूंच्या..."

"अहो, कमाल केलीत! आधी का नाही सांगितलंत?" आणि त्यांनी टेबलावरची घंटा वाजवून तिच्यासाठी चहा मागवला. ती तो प्यायली. गरम होता, गोड होता.

रागावू शकेल असं एकच माणूस उरलं होतं. धाकटी काकूंच्या घरी गेली तेव्हा दुपार कलली होती. सून बाहेर गेली होती. काकू आतल्या खोलीत, खिडकीकडे पाठ करून बसल्या होत्या. कपाटाच्या आणि पलंगाच्या मधल्या जागेत खुर्ची बरोबर बसत होती, तिथे.

धाकटीनं उभ्या उभ्याच सांगितलं. काही गाळलं नाही. हॅश टाकला आणि काढला, तेही सांगितलं. काकू ऐकत होत्या. हात मांडीवर होते आणि बोटं पदराच्या टोकाला पीळ देत होती.

"म्हणजे ते माझे नव्हते," त्या म्हणाल्या.

"नव्हते."

"मी घरी सगळ्यांना सांगितलं होतं गं. मुलाला, सुनेला, शेजारणीला. शून्य म्हणून."

"काकू, तुम्ही नाही का माझे गठ्ठे करायच्या? न बोलता? मला वाटलं, मी पण तसंच..."

"तसंच?" काकूंचा आवाज चढला. "मी तुझे गठ्ठे करायचे ते तुला कळायचं की नाही?"

"कळायचं."

"कशावरून?"

धाकटीला उत्तर माहीत होतं.

"बोल ना. कशावरून?"

"गाठीवरून."

"मग? तुझं काम मागे पडलंय हे तुला दुसऱ्या दिवशी सकाळी कळायचं. म्हणून तू सावरलीस. तू माझं केलंस त्याला गाठ कुठे होती? मी हात कशावरून फिरवायचा होता?" त्यांनी पदर सोडून दिला. "चांगली आहेस तू. चांगलीच आहेस. तेच तर वाईट झालं."

धाकटी रडली. काकूंनी तिला रडू दिलं, जवळ घेतलं नाही. बाहेर कुठेतरी कुणीतरी नळ सोडला आणि बंद केला. खोलीत खिडकीतून येत होता तेवढाच उजेड होता, आणि तोही उतरत चालला होता.

"जा आता," काकू म्हणाल्या. "सून यायची वेळ झाली. आणि जाताना तो दिवा बंद करून जा. उगाच जळतोय."

धाकटीनं वर बघितलं. दिवा लावलेलाच नव्हता.

तिचा हात सवयीनं बटणाकडे गेला. नुसतं एकदा खटकन वाजवायचं, केला म्हणायचं आणि निघायचं. बोटं बटणावर टेकलीसुद्धा. मग तिनं हात खाली घेतला.

"काकू," ती म्हणाली, "दिवा बंदच आहे."

काकूंनी मान वर केली, दिवा असायला हवा तिथे बघितलं, आणि बघत राहिल्या.

"हां," त्या म्हणाल्या. "एवढंच सांगायचं होतंस."